दाताच्या दवाखान्यातली संस्था

मी अध्यक्ष कशी झाले ते आधी सांगते, कारण ते अजून मलाच नीट कळलेलं नाही.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक कुठे आहे ते शोधायचं, आणि मग ती चूकच आहे हे त्याला पटवायचं. दुसरा भाग जास्त अवघड. आठवड्याचे पाच दिवस हे केल्यावर शनिवारी हाताने काहीतरी करावं म्हणून मी कागदाच्या लगद्याचे मुखवटे बनवायच्या एका वर्गाला जायला लागले. वर्ग शेजारच्या गावात, एका चर्चच्या तळघरात भरायचा, आणि तो चालवणारी संस्था होती क्वीअर, म्हणजे समलिंगी वगैरे, आणि गोरे नसलेल्या कलाकारांसाठी. खरं तर ते वाचूनच गेले होते मी, मुखवटे हे निमित्त. मला बायका आवडतात हे तोवर अख्ख्या अमेरिकेत चार माणसांना माहीत होतं. त्यातली एक शुगर लँडला नोकरी घेऊन निघून गेली होती.

तिसऱ्या शनिवारी वर्ग संपल्यावर संस्थेची मीटिंग होती. मी हाताची खळ धुवायला गेले. खळ वाळली होती, वेळ लागला. परत आले तर सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. मग कळलं की टाळ्या मला होत्या. नियम असा होता की कुणाचीही हरकत नसेल तरच निवड पक्की, आणि बाकी प्रत्येकाने स्वतःच्या नावाला हरकत घेतली होती. मी बेसिनपाशी असल्यामुळे माझ्या नावाला कुणाचीच हरकत आली नाही.

संस्थेला खरे नेते दोन होते, आणि दोघांनाही नेता म्हटलेलं चालत नसे. एक साठीची काळी बाई. पंचवीस वर्षं शाळेची बस चालवून रिटायर झालेली. जुन्या चादरींवर माणसांची प्रचंड मोठी चित्रं काढायची. तिला मी मनातल्या मनात मावशी म्हणू लागले, आणि इथेही तेच म्हणते. दुसरा एक पस्तिशीचा फिलिपिनो मुलगा. हॉस्पिटलमध्ये नर्स, आणि उरलेल्या वेळात माणसाच्या उंचीच्या बाहुल्या करायचा. दोघांचं पद एकच, सह-संचालक. कुणी कुणाच्या वर नाही, कुणी कुणाला आदेश द्यायचा नाही, हे त्यांचं तत्त्व, आणि ते तत्त्व दोघंही जिवापाड पाळायचे. कॉफीचं मशीन कुठलं घ्यायचं यावर तीन आठवडे चर्चा झाली. शेवटी दोन मशीनं आली. त्यानंतर कॉफी बंदच झाली, कारण एक मशीन वापरलं तर दुसरं सुचवणाऱ्याला वाईट वाटलं असतं.

मार्चमध्ये बर्फ वितळून चर्चच्या तळघरात पाणी शिरलं आणि आम्ही बेघर झालो. तेव्हा एका दुकानांच्या रांगेचा मालक मदतीला धावला. त्याच्याकडे एक बंद पडलेला दाताचा दवाखाना होता, एका बाजूला नखं रंगवायचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला देशी किराणा. नवा भाडेकरू मिळेपर्यंत वापरा म्हणाला. अट एकच. आतल्या कशालाही हात लावायचा नाही. पुढचा भाडेकरूही दातांचाच डॉक्टर असेल, अशी त्याची खात्री होती.

त्यामुळे मागे कलणाऱ्या तीन खुर्च्या, त्यांच्यावरचे दिवे, थुंकायची बेसिनं, सगळं जिथल्या तिथे राहिलं आणि आमचे कलाकार त्याच्या भोवतीने काम करू लागले. एक कवी खुर्चीत आडवा पडून लिहायचा आणि म्हणायचा की त्याची पाठ पहिल्यांदाच दुखायची थांबली आहे. मावशीने दिव्यांच्या दांड्यांना चादरी टांगल्या. नर्सच्या दोन बाहुल्या वेटिंग रूममध्ये मासिकं मांडीवर घेऊन बसल्या.

बाहेर दुकानाच्या डोक्यावर दिव्याचा मोठा पांढरा दात होता. तो काढून आमची पाटी लावायची, तर तिथल्या परवानग्या देणाऱ्या कचेरीत मी तीन वेळा गेले. काउंटरवरची बाई फार सज्जन होती. म्हणाली, नवीन पाटीसाठी सुनावणी लागते, सुनावणीची तारीख उन्हाळ्यानंतरची मिळेल. पण असलेल्या पाटीची डागडुजी करायला परवानगी लागत नाही.

"डागडुजीत काय काय येतं?" मी विचारलं.

तिने नियम वाचला. "रंगकाम येतं."

मी हे मीटिंगमध्ये सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी मावशी शिडी घेऊन वर चढली. संध्याकाळपर्यंत दाताला क्वीअर लोकांच्या झेंड्यासारखे इंद्रधनुष्याचे पट्टे आले. आम्ही सगळे खाली उभे राहून बघत होतो. फार सुंदर दिसत होतं. आता कळेल लोकांना आपण कोण आहोत ते, असं नर्स म्हणाला.

लोकांना जे कळलं ते असं, की इथे लहान मुलांच्या दातांचा डॉक्टर आला आहे.

आई-वडील मुलांना हाताला धरून यायला लागले. शिवाय जुने पेशंट होतेच. इथे दातांचे डॉक्टर सहा महिन्यांनंतरची अपॉइंटमेंट आधीच देऊन ठेवतात. त्यामुळे गेल्या शरद ऋतूत छापलेली कार्डं घेऊन माणसं ठरलेल्या वेळी, अगदी मिनिटावर हजर व्हायची. जुना डॉक्टर कुठे गेला ते आम्हाला माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणीही दारावर कागद चिकटवला असता. पण कागदावर काय लिहायचं यावर एकमत होईना. 'आम्ही डॉक्टर नाही' हे मावशीला फार नकारात्मक वाटत होतं. आणि नर्सला तर कुणाला परत पाठवणंच जमत नसे. तो प्रत्येकाला आत घ्यायचा, बसवायचा, पाणी द्यायचा, चित्रं दाखवायचा आणि मग हळूच सांगायचा. एक म्हातारे गृहस्थ हे सगळं ऐकूनही पुढच्या आठवड्यात परत आले. त्यांना खुर्ची आवडली होती.

एप्रिलमध्ये कलेसाठी पैसे देणाऱ्या एका मोठ्या फाउंडेशनची बाई आमचं काम पाहायला येणार असं ठरलं. तिच्या मतावर आमचं पुढचं वर्ष अवलंबून होतं. तिला काय दाखवायचं यावर तीन मीटिंगा झाल्या. शेवटी ठरलं की नेहमी जे होतं ते होऊ द्यायचं. शनिवारी सकाळी अकराची वेळ होती.

पावणेअकराला दार उघडलं आणि काकू आत आल्या.

या काकू नागपूरच्या. महानगरपालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता मुलाकडे राहतात, त्या दुकानांच्या मागच्याच वस्तीत. महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या घरी आमची बुद्धवंदना असते. महाराष्ट्रातून आलेली पंधरा-वीस कुटुंबं आणि काही विद्यार्थी जमतात. मीही नागपूरचीच, त्यामुळे काकूंनी मला पहिल्या दिवसापासून मुलीसारखं धरलं होतं आणि तीन वर्षं माझं लग्न जमवायचा चंग बांधला होता. सध्या चँडलर गावचा एक चिप कंपनीतला घटस्फोटित इंजिनिअर चालू होता. आणि शनिवारी मी काय करते, याचं माझं सगळ्यांना दिलेलं उत्तर होतं, लायब्ररीत व्हॉलंटिअरिंग.

काकूंच्या अंगात साडीवर जाड जॅकेट, पायात मुलाचे जुने बूट, हातात अपॉइंटमेंटचं कार्ड. उजवा गाल सुजून टम्म झाला होता. त्यांनी आधी वेटिंग रूममधल्या दोन बाहुल्यांना मान हलवून नमस्कार केला आणि मग मला पाहिलं.

"तू इथं काय करून राहिली? लायब्ररी इथं आली का?"

"काकू, हा दवाखाना नाहीये."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. तीन खुर्च्या, तीन दिवे, तीन बेसिनं. मग माझ्याकडे पाहिलं, जसं खोटं बोलणाऱ्या पोरीकडे तीस वर्षं पाहत आल्या असतील तसं. आणि सरळ आत जाऊन मधल्या खुर्चीत बसल्या.

नर्सने त्यांचा गाल पाहिला आणि त्याचा चेहराच बदलला. "मी डॉक्टर नाही," तो मला म्हणाला, "पण त्यांना सांग, मी फक्त बघतो." त्याने खुर्ची मागे कलवली, दिवा ओढला, हातमोजे घातले. काकूंनी मोठा आ केला. मावशी शेजारच्या खुर्चीवरची चादर उतरवत होती, ती तशीच चादर हातात धरून थांबली. त्या चादरीवर तिच्या आजीचा चेहरा होता, सहा फुटांचा.

आणि दारातून फाउंडेशनची बाई आत आली.

उंच, लांब कोट, हातात वही. तिने हे सगळं पाहिलं आणि चवड्यांवर चालत येऊन माझ्या कानाशी विचारलं, "सुरू झालंय का?"

याचं उत्तर द्यायचा अधिकार कुणाला आहे हे कधी ठरलंच नव्हतं, त्यामुळे कुणीच बोललं नाही. तिने ते उत्तर समजून घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"त्यांना विचार, दुखतं कुठे," नर्स म्हणाला.

मी काकूंना विचारलं. काकूंनी आ मिटला आणि छताकडे बघत सांगायला लागल्या. "उजवीकडची, खालची. गार पाणी प्यायलं की कळ थेट कानात जाते."

मी इंग्रजीत सांगितलं. भिंतीपाशी पेन्सिलचा आवाज आला.

"किती दिवसांपासून?"

"तीन आठवडे झाले. घरी नाही सांगितलं."

"घरी का नाही सांगितलं?" हे फाउंडेशनच्या बाईने विचारलं, अगदी हळू. मला वाटलं, हिला सांगावं की थांब, ही खरीखुरी दाढ आहे. पण काकू माझ्याकडे बघत प्रश्नाचं भाषांतर व्हायची वाट पाहत होत्या. तीस वर्षं वर्ग चालवलेल्या बाईला ताटकळत ठेवायची माझी हिंमत नव्हती.

"काय म्हणते ती? घरी काहून नाही सांगितलं? अगं, सगळे आपापल्या कामात. आणि सांगितलं की लोक उपटूनच टाकतात. आपलंच आहे नं ते, वाटतं, राहू द्यावं थोडे दिवस."

मी हे शब्दाला शब्द लावून सांगितलं. फाउंडेशनच्या बाईने चष्मा काढून डोळे पुसले.

"पू झालाय," नर्स मला म्हणाला. "आजच, आत्ताच, खऱ्या डॉक्टरकडे घेऊन जा."

फाउंडेशनच्या बाईने तेही लिहून घेतलं.

मी गाडीची किल्ली शोधत होते तोवर काकू उठून भिंतीवरचा आमचा 'क्वीअर आर्टिस्ट्स ऑफ कलर' असा फलक वाचत उभ्या राहिल्या. इंग्रजी त्यांनीच शाळेत शिकवलेलं, फक्त इथल्यांचे उच्चार त्यांना कळत नसत. एकेक शब्दाखाली बोट ठेवत त्यांनी ते मनातल्या मनात मराठीत आणलं.

"विचित्र रंगीत कलाकारांना मदत करणारी संस्था," त्या म्हणाल्या. "काहून? यांना सरळ कलाकार नाही मिळत का?"

"नाही, काकू."

"आणि हा फोटो तुझा आहे."

"हो."

"खाली अध्यक्ष लिहिलं आहे."

"गाडीत बसा, काकू. सगळं सांगते."

पण गाडीत मी काहीच सांगितलं नाही. खरा डॉक्टर पंधरा मिनिटांवर होता आणि ती पंधरा मिनिटं मी त्यांना रस्त्यावरची बांधकामं दाखवली. दाढ काढायला तासभर लागला. काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांचं अर्धं तोंड बधिर होतं आणि उरलेल्या अर्ध्यात कापसाचा बोळा होता. तिथल्या नर्सबाईने बजावलं, दोन तास बोलायचं नाही, बोळा दाबून धरायचा.

मी त्यांना गाडीत बसवलं, बेल्ट लावला, आणि परतीच्या पहिल्याच सिग्नलला सांगून टाकलं. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणूनच सांगितलं, हे मी कबूल करते. क्वीअरचा फलकावरचा अर्थ काय, मला कोण आवडतं, लायब्ररी खोटी आहे, चँडलरला आता फोन करू नका. काकू समोर बघत होत्या. मध्येच त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, बोळा घसरला, त्यांनी हाताने परत दाबला. घरासमोर उतरताना त्यांनी माझ्या हातातून औषधांची पिशवी घेतली आणि मागे न बघता आत गेल्या.

मी दोन तास वाट पाहिली. मग तीन आठवडे. त्यांचा फोन आला नाही. रविवारच्या वंदनेच्या मेसेजमध्ये माझं नाव होतं, पण मी गेले नाही.

तेवढ्यात फाउंडेशनचं पत्र आलं. त्यांनी आजवर पाहिलेल्या कामांमध्ये इतकं प्रामाणिक काही पाहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्यांचं अख्खं विश्वस्त मंडळ येणार होतं, आणि त्यांना तोच प्रयोग बघायचा होता. त्याच कलाकारासह.

मीटिंग झाली. नर्स म्हणाला, हे खोटं आहे, त्या बाईंच्या दाढेत पू होता. मावशी म्हणाली, खोटं कसं, एक माणूस खुर्चीत बसलं, त्याने दुखणं सांगितलं, आपण ऐकलं, यापेक्षा वेगळं आपण काय करतो? मग दोघांनी एकमेकांच्या मतावर आदराने विचार केला. तासाभराने मावशी म्हणाली की नर्सचं बरोबर आहे, हे खोटं आहे. नर्स म्हणाला की नाही, मावशीचं बरोबर आहे. दोघांनी बाजू बदलून पुन्हा वाद घातला. शेवटी थकून दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

संस्थेच्या इतिहासातला पहिला निर्णय त्या दिवशी मी घेतला. खरं सांगायचं.

मी फाउंडेशनच्या बाईला फोन केला. म्हटलं, त्या कलाकार नव्हत्या. त्या खरोखरच्या पेशंट होत्या.

ती म्हणाली, "हो. अगदी तेच मलाही जाणवलं."

"नाही, म्हणजे त्यांची दाढ खरंच दुखत होती."

"ते दिसत होतं."

"त्यांना ती जागा दवाखाना वाटली."

"आपल्या सगळ्यांनाच वाटते, नाही का?" ती म्हणाली.

माझं रोजचं कामच हे आहे, चूक दाखवायची आणि पटवायची. पण त्या बाईसमोर मी हात टेकले.

म्हणून एका बुधवारी मी ऑफिसमधून लवकर निघून काकूंच्या दारात उभी राहिले. दार त्यांनीच उघडलं. गाल उतरला होता. मी "जय भीम, काकू" म्हटलं, त्यांनी "जय भीम" म्हटलं, आणि आत जाऊन कणीक मळायला लागल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"काकू, मी जे सांगितलं त्याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"कशाचं?"

"ते... बायकांचं."

"त्याचा मी विचार करून राहिली अजून," त्या म्हणाल्या. "त्याला वेळ लागंल. मला कुणी शिकवलं नाही ते. पण लायब्ररीचं काय? मी इथल्या चार पोरांना सांगितलं, ताई लायब्ररीत आहे, पुस्तक लागलं तर तिचं नाव सांगा. ती पोरं तिथं जाऊन तुझं नाव विचारून आली. मी खोटी पडली नं."

मी सॉरी म्हटलं. त्यांनी कणकेला ठोसा मारला.

"आणि चँडलरच्या पोराला मी कळवलं, की ही मुलगी लग्न करणार नाही. त्याचा मेसेज आला, 'बरं झालं, काकू, थँक यू.' आता मला त्याच्याबद्दलही शंका येऊन राहिली."

मी हसले. त्याही हसल्या असत्या, पण त्यांनी ते आवरलं. मग मी पत्राबद्दल सांगितलं. एकदा सांगून त्यांना पटलं नाही, म्हणून पत्रच वाचून दाखवलं.

"म्हणजे दाढ काढून झाल्यावर मी परत जाऊन दाढ दुखते म्हणायचं?"

"असं नाही. तुम्हाला जे सांगायचं ते सांगा."

त्यांनी हात धुतले, पुसले, टेबलापाशी बसल्या. "मी खोटं बोलणार नाही. मराठीत बोलीन, तू इंग्रजी कर. आणि माझा कार्यक्रम आहे तर मी आपल्या लोकांना बोलावीन. सगळ्यांना. ते विचारतील, ही इथं काय करून राहिली. तू उत्तर ठरवून ठेव."

"काकू, सगळ्यांना नको."

"तीस वर्षं मी हजेरी घेतली आहे," काकू म्हणाल्या. "समोर बसलेली पोरगी नाव घेतल्यावर खाली मान घालून गप्प बसली, तर मी गैरहजरीच लावायची."

कार्यक्रमाच्या दिवशी आमचे लोक आले. पस्तीस-चाळीस तरी असतील. काकूंचा सत्कार आहे असं कुणीतरी पसरवलं होतं, म्हणून दोन हारही आले, आणि जेवणाचे आठ-दहा डबे. फाउंडेशनचं मंडळ घडीच्या खुर्च्यांवर बसलं होतं. एका काकांनी त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या हातात आधी चिवड्याची वाटी दिली. मंडळाने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली, खायची की नाही हे कळेना म्हणून.

काकू खुर्चीत बसल्या. नर्सने खुर्ची मागे कलवली, त्यांनी ती परत सरळ करून घेतली. झोपून बोलायची सवय नाही म्हणाल्या. मावशीने दिवा लावला. मी शेजारी उभी.

"दाढ आता नाही," काकूंनी सुरुवात केली. "काढली. दुखत नाही. पण जीभ राहून राहून तिथंच जाते. जाऊ दिली मी."

मी इंग्रजी केलं. मग काकू शाळेकडे वळल्या आणि पाऊण तास शाळेतच राहिल्या. फळ्याला रंग द्यायला कचेरीने दोन वर्षं कशी घालवली, पोरींना शाळेत आणायला त्या कुणाकुणाच्या घरी गेल्या, कुठल्या घरात काय ऐकून घेतलं. मध्येच उशिरा आलेल्या एका जोडप्याला त्यांनी थांबवून वेळ विचारली. मी तेही भाषांतर केलं. आणि मग त्यांनी मान वळवून मला विचारलं, वर्गात विचारतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आता तू सांग. तू इथं काय करतेस?"

मी नेमाने त्याचंही इंग्रजी केलं. मग दोन्ही बाजूंनी सगळे माझ्याकडे बघायला लागले. आधी मी इंग्रजीत उत्तर दिलं, कारण त्या भाषेत शब्द तयार मिळतात. फाउंडेशनच्या लोकांनी माना हलवल्या. पण आमचे लोक मराठीची वाट बघत होते. मराठीत मी ते मोठ्याने कधीच म्हटलं नव्हतं. मला माझाच आवाज बारीक ऐकू आला.

"मला बायका आवडतात. लग्न करीन तर बाईशीच करीन. इथे माझ्यासारखी माणसं चित्रं काढतात, लिहितात, नाचतात. आणि मी या संस्थेची अध्यक्ष आहे."

मागच्या बाजूने चिवडा वाटणाऱ्या काकांचा आवाज आला.

"अध्यक्ष? तू? कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून, काका."

"आणि सांगितलं नाहीस? अगं, आपल्या वंदनेच्या मंडळाला दोन वर्षं अध्यक्ष मिळत नाहीये! प्रत्येक जण नाही म्हणतो!"

त्यावर तिथेच चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, हे नंतर बघू. कुणी म्हणालं, नंतर कोण भेटतं यार, आत्ताच विचारा. दुसऱ्या एका काकूंनी, तिचं आधीचं बोलणं ऐकलंत का तुम्ही, असं कुजबुजत विचारलं. काका म्हणाले, ऐकलं, ऐकलं, पण ही मीटिंग वेळेवर सुरू करील. फाउंडेशनच्या बाईने मला खूण केली, भाषांतर कर. मी केलं. मावशी हसता हसता चादरीआड गेली.

शेवटी सगळे उठल्यावर फाउंडेशनच्या मंडळातले एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले. काकूंबद्दल त्यांच्याकडे शब्दच नव्हते म्हणाले. मग जरा थांबून, संकोचून, "भाषांतर करणारीचा भाग," ते म्हणाले, "थोडा लांबला. पण विचार चांगला होता."

मी त्यांचे आभार मानले.

फाउंडेशनने मदत दिली. त्यांच्या अहवालात काकूंचा उल्लेख ज्येष्ठ कलाकार असा आहे आणि काकूंनी तो कागद कपाटात ठेवला आहे. वंदनेच्या मंडळाचं अध्यक्षपद मी घेतलं नाही. तरी ते अजून मला मीटिंगला बोलावतात आणि वहीत माझ्या नावापुढे अध्यक्ष लिहितात. काकू आता माझ्याशी बोलतात. लग्नाचं मात्र काढत नाहीत. त्यांच्याकडे या बाबतीत ओळखी नाहीत, याची त्यांना खंत आहे, असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं.

सगळेच काकांसारखे नव्हते. उशिरा आलेलं ते जोडपं मी बोलल्यावर उठलं. बाईंनी टेबलावरचा आपला डबा शोधला, झाकण लावलं, पिशवीत घातला आणि दोघं गेले. न उघडलेला डबा होता. त्यानंतर किराण्यात दोनदा समोर आल्या, दोन्ही वेळा डाळींकडे वळल्या. मला वाईट वाटलं, फार वाटलं, कारण मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा थंडीचं जॅकेट मला त्यांनीच दिलं होतं.

ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, मुलगी सतत चित्रं काढत असते, कुणाशी बोलत नाही, तुमच्याकडे शनिवारी काही वर्ग असतो का. मी वेळ सांगितली. "बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मुलगी आली. सतरा वर्षांची, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. आई गाडीतच बसून राहिली, काचा वर करून, दोन तास. पुढच्या शनिवारीही तसंच. तिसऱ्या शनिवारी ऊन फार होतं. तेव्हा त्या आत आल्या आणि बसायला जागा शोधू लागल्या.